चळवळीच्या जमाखर्चात न आलेले घर

नवी लोकसभा स्थापन झाली की काही काळाने लोकसभा सचिवालय सदस्यांचा परिचयग्रंथ प्रसिद्ध करते. संसदेच्या परिसरात तो 'हूज हू' या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. जन्मतारीख, शिक्षण, विवाहाचा दिनांक, पती वा पत्नीचे नाव, मुलगे किती, मुली किती, व्यवसाय कोणता, अशी सारी माहिती त्यात ठरावीक क्रमाने येते. व्यवसायाच्या रकान्यात शेती आणि वकिली यांच्या जोडीने 'राजकीय व सामाजिक कार्यकर्ता' ही नोंद वर्षानुवर्षे आढळते. वस्तुतः हा व्यवसाय नव्हे. निवडून येण्यापूर्वीची वीस-पंचवीस वर्षे मोर्चे, तुरुंग आणि भूमिगत जीवन यांत गेलेल्या माणसाचे घर त्या काळात कोणी चालविले, हे त्या नोंदीवरून कळत नाही. परिचयग्रंथाने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. मात्र ज्या चळवळींनी ही माणसे घडविली, त्यांनीही हा प्रश्न क्वचितच विचारला, याचे नवल वाटते.

शासनाने तो विचारला आहे आणि लेखी विचारला आहे. राजधानीतील मराठी अधिकारीवर्गाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ परिचयाचे असतात. निदान नोकरीत रुजू होताना त्यांवर सही केलेली असते. त्यातील पाचवा नियम सरकारी सेवकाला राजकीय पक्षाचा सदस्य होण्यास मनाई करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच नियमाचा दुसरा भाग मात्र सहसा कोणी वाचत नाही. कुटुंबातील कोणतीही व्यक्ती कायद्याने स्थापित शासन उलथविण्याकडे झुकणाऱ्या चळवळीत भाग घेत असेल, तिला वर्गणी देत असेल अथवा अन्य प्रकारे साहाय्य करीत असेल, तर तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न करणे हे सेवकाचे कर्तव्य आहे. आणि ते साधले नाही, तर तसे शासनाला कळविणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे कार्यकर्ती मुलगी आणि अधिकारी वडील एका छताखाली राहत असतील, तर त्या छताखाली काय चालते याची खबर देण्याची जबाबदारी नियमाने वडिलांवर टाकली आहे. नियमाचा वापर किती वेळा झाला, हा प्रश्न वेगळा. माणसाचे राजकारण आणि त्याचे घर यांत भिंत असते, असे शासनाने कधीच मानले नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आणीबाणीत या समजुतीचे उघड प्रत्यंतर आले. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते आणि सापडत नव्हते. तेव्हा १ मे १९७६ रोजी बंगळूर येथे त्यांचे बंधू लॉरेन्स यांना पोलिसांनी उचलले आणि जॉर्ज यांचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी त्यांचे अनन्वित हाल केले. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांचा गुन्हा म्हणावा तर जॉर्ज यांच्याशी असलेली कौटुंबिक मैत्री. दम्याच्या विकाराने जर्जर झालेल्या स्नेहलता यांना जानेवारी १९७७ मध्ये तुरुंगातून सोडण्यात आले आणि थोड्याच दिवसांत, २० जानेवारीस, त्यांचे निधन झाले. आणीबाणी जाहीर झाली त्या वेळी जॉर्ज स्वतः पत्नी लैला कबीर आणि दीड वर्षाचा मुलगा यांच्यासह ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूर येथे होते. कोळ्याच्या वेषात ते तेथून निसटले. पती-पत्नीची पुन्हा भेट झाली ती तब्बल बावीस महिन्यांनी. या मधल्या काळात लैला यांना मुलाला घेऊन परदेशी जावे लागले. पुढे ऐंशीच्या दशकात दोघे वेगळे झाले. एका आणीबाणीने एक संसार मोडला असे म्हणणे फार सोपे होईल आणि बहुधा अन्यायाचेही. परंतु बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या इतिहासात ज्या नावांना पानेच्या पाने मिळाली, त्यांच्या तुलनेत या बावीस महिन्यांना किती ओळी मिळाल्या, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मधू लिमये यांचे उदाहरण याहून शांत आहे आणि म्हणूनच अधिक विचार करायला लावणारे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस लोकसभेवर चार वेळा निवडून आला, तो बिहारमधील मुंगेर आणि बांका येथून. प्रांत, भाषा, जात या ज्या ओळखींवर भारतात निवडणुका लढल्या जातात, त्यांपैकी एकही त्यांच्या उपयोगाची नव्हती. विवाह १९५२ मध्ये झाला आणि १९५५ मध्ये ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात शिरले. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. प्रत्यक्षात १९५७ मध्ये सुटका झाली. पण शिक्षा ऐकली त्या दिवशी चंपाताईंच्या पुढे बारा वर्षेच उभी होती, एकोणीस महिने नव्हे. सुटकेची तारीख इतिहासाला ठाऊक असते, घरच्यांना नसते.

त्यानंतरचा प्रसंग १९७६ मधला. पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत त्या वर्षी मार्चमध्ये संपत होती. सरकारने कायदा करून ती वर्षभराने वाढविली. लिमये तेव्हा मध्य प्रदेशातील तुरुंगात होते. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठविले असताना सहाव्या वर्षी सभागृहात राहणे अनैतिक आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी आणि शरद यादव यांनी राजीनामे दिले. एवढ्यावरच लिमये थांबले नाहीत. सदस्यत्व गेले म्हणजे सरकारी निवासस्थानावरील हक्कही गेला, तेव्हा घर ताबडतोब रिकामे करावे, असे त्यांनी तुरुंगातून पत्नीला कळविले आणि चंपाताईंनी ते केले. दिल्लीत बदलीवर आलेल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे, सरकारी घर सोडणे म्हणजे काय असते. येथे तर पती तुरुंगात, शहरात दहशतीचे वातावरण आणि राजकीय कैद्याच्या कुटुंबाला जागा द्यायला कचरणारे घरमालक. संसदीय नीतिमत्तेचा हा एक उज्ज्वल दाखला म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. स्वातंत्र्यसैनिकाचे आणि खासदारकीचे निवृत्तिवेतन लिमये यांनी घेतले नाही. आपल्या पश्चात पत्नीनेही ते घेऊ नये, असे सांगून ठेवले. या निःस्पृहतेपुढे मान लवते. परंतु निःस्पृहतेची किंमत दोघांनी मोजली आणि ती एकाच्या नावावर जमा झाली, हेही तितकेच खरे.

त्याच काळात दंडवते दांपत्य दोन तुरुंगांत होते. मधू दंडवते बंगळूरला, प्रमिलाताई येरवड्याला. दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारी पत्रे एवढाच काय तो त्यांचा संसार. येथे निदान भार समान होता आणि पुढे श्रेयही समान मिळाले. सातव्या लोकसभेत पती-पत्नी दोघेही सदस्य होते. केरळचे ए. के. गोपालन आणि सुशीला गोपालन यांनीही चौथ्या लोकसभेत हे साधले होते. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती का घडली, याचे उत्तर व्यक्तींच्या स्वभावात जितके आहे, तितकेच त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या नातेवाइकांत आणि पक्षांत आहे.

कम्युनिस्ट पक्षाने या प्रश्नाला काही एक उत्तर देण्याचा प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. पूर्णवेळ कार्यकर्त्याला पक्षाने निर्वाहवेतन द्यायचे, खासदाराने आपले वेतन पक्षाकडे जमा करायचे आणि पक्ष देईल त्यात भागवायचे, ही पद्धत त्यातूनच आली. चाळीसच्या दशकात मुंबईत पक्षाचे सामुदायिक निवासही होते. स्वयंपाक एकत्र, पैसा एकत्र. स्त्रियांना सभेला जायला सवड मिळावी, हा त्यामागचा एक हेतू होता. तथापि ही व्यवस्था लहान मुलांपाशी येऊन अडखळे. आंध्रचे पी. सुंदरय्या यांनी आपल्या रेड्डी या जातिवाचक आडनावाचा त्याग केला आणि लीला यांच्याशी विवाह झाल्यावर मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला. १९५२ मध्ये राज्यसभेत ते कम्युनिस्ट गटाचे नेते होते आणि संसदेत सायकलवरून येत. त्या सायकलीची आठवण दिल्लीत अजूनही सांगितली जाते. मूल नको, या निर्णयाची कमी सांगितली जाते. क्रांतीला संपूर्ण वाहून घ्यायचे तर घर वाढवायचे नाही, हा त्यातला तर्क सरळ होता. पण जो मार्ग दोन नेत्यांनी समजून-उमजून स्वीकारला, तो हजारो कार्यकर्त्यांना कसा लागू करणार?

तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. त्या लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती स्त्री शक्ती संघटना या हैदराबादच्या गटाने घेतल्या आणि ऐंशीच्या दशकात त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. लढा मागे घेतल्यानंतर तीन दशकांनी बोलणाऱ्या या स्त्रिया जमीनदारांविषयी आणि पोलिसांविषयी जेवढ्या सहजतेने बोलतात, तेवढ्या सहजतेने मुलांविषयी बोलत नाहीत. जंगलात दलमबरोबर हिंडताना तान्ह्या मुलाच्या रडण्याने सर्वांचा जीव धोक्यात येई, म्हणून एकीने मूल दुसऱ्यांच्या हाती सोपविल्याची हकिगत त्यात आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेण्यात आला आणि निवडणुकीचे राजकारण सुरू झाले. पुरुष विधानसभेत आणि संसदेत गेले. बहुसंख्य स्त्रियांना 'आता घरी जा' असे सांगण्यात आले. कोणत्या घरी, हे कोणी सांगितले नाही. जे घर सोडून त्या आल्या होत्या, त्याची दारे त्यांना बंद झाली होती. बंदूक हाती घेतलेल्या बाईला गाव परत सून म्हणून स्वीकारील, ही अपेक्षा गावाला न ओळखणाराच करू जाणे.

महाराष्ट्राने याच सुमारास एक निराळा अनुभव घेतला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात वारल्यांची चळवळ उभारली. दोघेही मूळचे भारत सेवक समाजाचे. १९३९ मध्ये विवाह केला आणि पुढे कम्युनिस्ट झाले. तेथे त्यांना जी प्रथा आढळली तिचे नाव लग्नगडी. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडेसे पैसे काढायचे आणि त्यापायी वर आणि वधू दोघांनीही त्याच्या वाड्यावर राबायचे. कर्ज फिटले की नाही, हे ठरविणारा सावकारच. त्यामुळे लग्नगडी बहुधा आयुष्यभर लग्नगडीच राही. संसार मांडण्याच्या क्षणीच माणूस गुलाम होई आणि बाईवर मालकाचा हक्क चाले तो निराळाच. वेठबिगार आणि लग्नगडी बंद झाली पाहिजे, हीच या चळवळीची आरंभीची मागणी होती. खासगी जीवन आणि राजकीय बांधिलकी यांचा तोल कसा साधावा, हा मध्यमवर्गीय कार्यकर्त्याला सतावणारा प्रश्न वारली तरुणापुढे नव्हताच. त्याला संसार मिळावा, हाच मुळी राजकीय लढा होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले, ते या हक्कासाठी. आपल्या विद्यापीठांतील चर्चासत्रांत 'व्यक्तिगत तेच राजकीय' हे सूत्र पश्चिमेकडून आलेले म्हणून शिकविले जाते. डहाणू-तलासरीच्या जंगलात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसता.

ज्यांनी इतरांना संसार मिळवून दिला, त्यांच्या वाट्याला मात्र काय आले? शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. पक्षफुटीनंतरच्या धरपकडीत पती-पत्नी दोघांनाही स्थानबद्ध करण्यात आले आणि ऑगस्ट १९६५ मध्ये शामरावांचे तुरुंगातच निधन झाले. गोदावरीबाई त्या वेळी बंदिवासातच होत्या. त्यानंतर तीन दशके त्या काम करीत राहिल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पुस्तकात वारल्यांविषयी सर्व काही आहे, स्वतःविषयी अगदी थोडे. हा संयम त्या पिढीचा. श्रीपाद अमृत डांगे यांच्या पत्नी उषाताई डांगे याला अपवाद ठरल्या. मार्च १९२९ मध्ये डांगे मीरत खटल्यात पकडले गेले. कन्या रोझा यांचा जन्म त्याच वर्षीचा. तान्हे मूल, गिरणी कामगारांचे काम आणि तुरुंगातला नवरा हे सारे ज्या बाईने एकाच वेळी सांभाळले, तिने आपल्या आत्मकथनाला 'पण ऐकतं कोण?' असे नाव द्यावे, यात बरेच काही आले. रोझा देशपांडे पुढे १९७४ च्या पोटनिवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर गेल्या.

मृणाल गोरे यांच्याबाबतीत तर तोल साधण्याचा प्रश्न नियतीनेच बाद केला. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, सहकारी केशव गोरे यांच्याशी विवाह केला आणि १९५८ मध्ये केशवरावांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी. त्यानंतर गोरेगावचे पाणी, महागाईविरोधी लाटणे मोर्चा, आणीबाणीतील भूमिगत जीवन आणि तुरुंग, आणि १९७७ मध्ये लोकसभा. त्यांना हे शक्य झाले, कारण गोरेगावात समाजवादी मंडळींची घरेच्या घरे त्यांच्या पाठीशी होती. मुलगी एकटी राहिली नाही. पक्षाने ठराव करून ही सोय केलेली नव्हती, शेजाऱ्यांनी केली. स्थलांतरित मध्यमवर्गाने उपनगरात उभारलेले हे शेजार नंतरच्या काळात विरत गेले आणि त्या जातीचे कार्यकर्तेही दुर्मिळ झाले, या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासकांनी अद्याप पुरेसा तपासलेला नाही.

आजच्या पिढीकडे पाहिले तर चित्र बदललेले दिसते ते तपशिलात. सुधा भारद्वाज यांचा जन्म अमेरिकेतला. आई कृष्णा भारद्वाज जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राच्या नामवंत प्राध्यापक. सुधा यांनी अमेरिकेचे नागरिकत्व सोडले, कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतली आणि दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार चळवळीत त्या दाखल झाल्या. पुढे कायद्याचा अभ्यास करून त्या वकील झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटका झाली, तीही मुंबई न सोडण्याच्या अटीवर. ज्या छत्तीसगडमध्ये आयुष्य काढले, ते घर सुटकेनंतरही दूरच राहिले. दिल्लीत 'पिंजरा तोड' या विद्यार्थिनींच्या गटातील नताशा नरवाल यांचे वडील महावीर नरवाल करोनाने आजारी पडले तेव्हा त्या तिहारमध्ये होत्या. ९ मे २०२१ रोजी वडील गेले. उच्च न्यायालयाने तीन आठवड्यांचा अंतरिम जामीन दिला तो दुसऱ्या दिवशी, अंत्यविधीसाठी. पुढच्याच महिन्यात याच न्यायालयाने त्यांना नियमित जामीन दिला. उमर खालिद यांना डिसेंबर २०२२ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी एका आठवड्याची मोकळीक मिळाली. आजारपण, मृत्यू, विवाह हे कौटुंबिक जीवनाचे टप्पे न्यायालयाच्या आदेशात दिवसांच्या हिशेबात येऊ लागले आहेत. या व्यक्तींच्या राजकारणाशी सहमत असणे वा नसणे हा स्वतंत्र मुद्दा आहे. त्यांच्यावरील आरोपांचा निर्णय न्यायालयच करील. लक्षात घ्यायचे ते हे की, आरोप सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी घरच्यांची शिक्षा भोगून होत असते.

चळवळींनी या बाबतीत काही शिकून घेतले आहे, असे फारसे दिसत नाही. निर्वाहवेतनाची जुनी पद्धत पक्षाच्या बळावर अवलंबून होती. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे २००४ मध्ये लोकसभेत ४३ खासदार होते, २०२४ मध्ये अवघे चार निवडून आले; खासदारांच्या वेतनातून पक्षाकडे येणारी रक्कम त्या प्रमाणात आटली असणार, हे उघड आहे. पक्षाबाहेरच्या संघटनांची स्थिती तर याहून कठीण. तेथे बहुतेकांचे घर जोडीदाराच्या नोकरीवर चालते, आणि जोडीदाराची नोकरी सरकारी असली तर पुन्हा तो पाचवा नियम आहेच.

महिला आरक्षणाच्या संदर्भात हा प्रश्न लवकरच व्यावहारिक स्वरूपात पुढे येईल. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने १९९६ मध्ये ज्या विधेयकावर अहवाल दिला, त्याचा हेतू सत्तावीस वर्षांनी, २०२३ मध्ये, घटनादुरुस्तीच्या रूपाने साकार झाला. अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडण्यात आली. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. एक-तृतीयांश जागांसाठी पक्षांना १८१ लागतील. नेत्यांच्या पत्नी, मुली आणि सुना यांची यादी प्रत्येक पक्षाकडे तयार असते. त्या घरांत मुले सांभाळायला माणसे आहेत. रस्त्यावरच्या लढ्यातून आलेल्या कार्यकर्तीला उमेदवारी द्यायची, तर आधीची दहा वर्षे तिला त्या लढ्यात टिकवून ठेवावे लागते. तिच्या मानधनात घरभाडे आणि मुलांचे शुल्क धरले जाते का, ती तुरुंगात गेल्यास तिच्या घरी कोण जाऊन राहते, याची नोंद आज एकाही पक्षाच्या वार्षिक हिशेबात वेगळी दाखविली जात नाही.